केमो-शेक संपले, आता पिशवी काढायची का? काय विचारायचं आणि कशी तयारी करायची

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, स्टेज २ बी नाहीतर ३, पंचवीस शेक, म्हणजे बाहेरून दिलेलं रेडिएशन, झाले, केमो झाली, आतलं रेडिएशन पण झालं, आणि आता घरातलं कोणीतरी म्हणतं की एवढं सगळं केलंय तर गर्भाशयाची पिशवी पण काढून टाकू ना एकदाची, मागे काही राहायला नको. मला असे फोन सारखे येतात, कारण आमच्या मोठ्या जाऊबाईंचं हे सगळं मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटललाच झालंय आणि तेव्हापासून गावाकडून कोणी टाटाला आलं की पहिला फोन मला लावतात. मी डॉक्टर नाही, तुमच्या पेशंटचं काय करायचं ते तिचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे माहीत नसेल तर पाच मिनिटात बाहेर येतो आपण आणि मग घरी येऊन भांडत बसतो.

तर पहिली गोष्ट. केमो-शेक झाल्यावर ऑपरेशन हा ठरलेला पुढचा टप्पा नाहीये. बऱ्याच बायकांचा आजार केमो, शेक आणि आतलं रेडिएशन एवढ्यानेच जातो आणि त्यांना ऑपरेशन लागतच नाही. थोड्या जणींना लागतं, आणि त्यांच्यासाठी ते फार महत्त्वाचं असतं, पण त्याआधी आजार शिल्लक आहे हे नक्की झालं पाहिजे.

आधी कापूनच का नाही टाकत, हे सगळेच विचारतात. वाढलेल्या स्टेजमध्ये आजार नुसता पिशवीच्या मुखात नसतो, पिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारं जे मऊ मांस असतं तिकडे सरकलेला असतो, कधी खालपर्यंत, कधी आतल्या गाठींमध्ये. किडनीतून लघवी आणणाऱ्या नळ्या तिथूनच अगदी शेजारून जातात, पुढे लघवीची पिशवी, मागे शीची जागा. कापायला गेलं तर काठ स्वच्छ मिळत नाही, थोडं मागे राहतं, आणि मग शेक द्यावेच लागतात, म्हणजे दोन्हीचा त्रास एकाच बाईला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने पाच मोठ्या अभ्यासांवरून डॉक्टरांना कळवलं की शेकांबरोबर सिसप्लॅटिनवाली केमो द्या, नुसते शेक नको, आणि तेव्हापासून हीच पद्धत झाली. आपल्या टाटामध्येच स्टेज ३ बी च्या ८५० बायकांवर हे तपासून बघितलंय, पाच वर्षांनी केमो-शेकवाल्या ५४ टक्के हयात होत्या, नुसत्या शेकवाल्या ४६ टक्के.

टाटाचाच दुसरा एक अभ्यास आहे, २०१८ मध्ये छापून आला, त्यात आधी केमो मग ऑपरेशन एका बाजूला आणि केमो-शेक दुसऱ्या बाजूला, ६०० हून जास्त बायका होत्या, स्टेज १ बी २ ते २ बी. पाच वर्षांनी आजार परत न आलेल्या बायका केमो-शेकमध्ये ७६.७ टक्के आणि ऑपरेशनवाल्यात ६९.३ टक्के. एकूण जगण्यात फारसा फरक नव्हता, पण ऑपरेशन करून जास्त फायदा झाला असं काही दिसलं नाही. आता हा अभ्यास केमोनंतरच्या ऑपरेशनचा, केमो-शेकनंतरच्या ऑपरेशनचा नाही, दोन्हीची गल्लत करू नका. केमो-शेकने आजार पूर्ण गेलेला असताना वरून पिशवी काढून फायदा होतो का, हे फ्रान्समध्ये बघितलं होतं, त्यात ६१ च बायका मिळाल्या म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला, आणि जेवढं हाती आलं त्यात ऑपरेशनचा फायदा दिसला नाही. अमेरिकेतही मोठ्या गाठीच्या बायकांमध्ये शेकानंतर पिशवी काढून बघितली, तिथेही जगण्यात फरक पडला नाही. म्हणून "काढून टाका ना" म्हणायच्या आधी थांबा, रिपोर्ट चांगला आलेल्या बाईला टेबलावर घेऊन तिला काय मिळणार हे विचारा.

आता कामाचं. ऑपरेशनचा विषय निघाला की सगळ्यात आधी फाईल उघडून एवढंच बघा की आधीची ट्रीटमेंट पूर्ण झालीय का. बाहेरून शेक साधारण पंचवीस, म्हणजे ४५ ते ५० ग्रे (शेकाचा डोस ग्रेमध्ये मोजतात), दर आठवड्याला एक सिसप्लॅटिन, आणि मग आतलं रेडिएशन, ज्याला ब्रेकी म्हणतात, बहुतेक ठिकाणी तीन ते पाच वेळा. सगळं मिळून आठ आठवड्यात संपायला पाहिजे, लांबलं की गुण कमी येतो. इथे खूप जणी चुकतात, आणि त्यात त्यांचा दोष कमी असतो. बाहेरचे शेक झाले की रक्त जाणं थांबतं, वास जातो, भूक लागायला लागते, बाईला वाटतं झालं बरं, गावाला शेतीची कामं पडलेली असतात, आतून नळी घालणार म्हणून भीती पण असते, आणि ती ब्रेकीला येतच नाही. मग तीन महिन्यांनी आजार शिल्लक दिसतो आणि घरचे म्हणतात आता ऑपरेशन करा. ब्रेकीने आतल्या आत जो जोरदार डोस बसतो त्याची जागा ऑपरेशन घेत नाही. ब्रेकी राहिली असेल तर पहिला प्रश्न हाच की ती अजून देता येईल का, आणि नसेल तर का नाही. कधीकधी खरंच देता येत नाही, आतली जागा आखडलेली असते, मोठा फायब्रॉइड असतो, नळी बसत नाही, आणि अशा वेळी डॉक्टर स्वतःच ऑपरेशनचा विचार करतात, ते वेगळं.

दुसरं म्हणजे घाई करू नका. शेक संपले म्हणजे परिणाम संपला असं नसतं, गाठ पुढे कित्येक आठवडे आकसत राहते. दीड महिन्यावर डॉक्टर आतून तपासतात, पण खरा निकाल तीन महिन्यांच्या आसपास एमआरआय किंवा पेट स्कॅन करून लागतो. फार लवकर स्कॅन केला तर सूज आणि शेकाचा परिणामच आजारासारखा दिसतो, फार लवकर तुकडा काढून तपासला, म्हणजे बायोप्सी केली, तर मरायला टेकलेल्या पेशी सुद्धा रिपोर्टमध्ये कॅन्सर म्हणून येऊ शकतात. त्या तीन महिन्यांत घरात जी घालमेल होते ती मला माहितीय, जाऊबाई रोज रात्री विचारायच्या की काही चुकलं तर नाही ना, पण हा वेळ फुकट जात नसतो. मध्येच कोणाच्या तरी सांगण्यावरून तिसऱ्याच ठिकाणी जाऊन पिशवी काढून आलेल्या बायकांचे हाल मी बघितलेत.

स्कॅन करताना एक करा, ट्रीटमेंटच्या आधीच्या एमआरआयची सीडी जपून ठेवा आणि सोबत न्या. नुसता कागदावरचा रिपोर्ट नको, सीडी. जुनी आणि नवी गाठ शेजारी शेजारी ठेवून बघितली तरच कळतं की राहिलेला डाग म्हणजे आजार आहे की जखम भरून आलेला व्रण. ती सीडी घरच्या कपाटात साड्यांखाली असते आणि पेशंट ओपीडीत, हे इतक्या वेळा बघितलंय की सांगायची सोय नाही.

स्कॅनमध्ये काही दिसलं तर तुकडा तपासल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणू नका. तुकड्यात काही नाही पण डाग संशयी आहे, अशा वेळी बरेच डॉक्टर चार-सहा आठवड्यांनी परत बघतात. तुकड्यात आजार आला, तर मग दुसरीकडे कुठे पसरला नाही ना यासाठी पेट स्कॅन. पसरला असेल तर खाली कापून उपयोग नाही, मग औषधांचा विचार. आणि पसरला नसेल, मधोमधच असेल, तर तेव्हा ऑपरेशन, आणि तेव्हा मात्र रेंगाळू नका. एडिनोकार्सिनोमा हा प्रकार असेल तर त्यात आजार शिल्लक राहण्याचं प्रमाण जरा जास्त असतं, म्हणून बायोप्सीच्या पहिल्या रिपोर्टात कुठला प्रकार लिहिलाय ते वाचून जा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर हे विचारा, लाजू नका, वहीत लिहून न्या. आजार शिल्लक आहे हे तुकड्यात सिद्ध झालंय का? ऑपरेशन कुठलं, नुसती पिशवी की आजूबाजूचं मांस पण, की लघवीची पिशवी किंवा शीचा भाग पण जाणार? आमचा पेशंट शेकवाले, केमोवाले आणि सर्जन अशा सगळ्या डॉक्टरांनी एकत्र बसून बघितलाय का? शेक झालेल्या पेशंटवर असं ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का? यूरोसर्जन, म्हणजे लघवीच्या मार्गाचे सर्जन, हाताशी असणार का? ऑपरेशन नाही केलं तर दुसरं काय? शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि तोच सगळ्यात गरजेचा आहे.

तुम्ही दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात असाल तर टाटाचं मत घेता येतं, नव्या म्हणून ऑनलाईन सोय आहे, रिपोर्ट अपलोड केले की लेखी मत येतं, प्रत्येक वेळी परळ गाठायला लागत नाही.

नेहमी करता का हा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. शेक लागलेल्या जागेतल्या बारीक रक्तवाहिन्या बारीक होऊन जातात, मांस जुन्या चामड्यासारखं चिवट होतं, पदर एकमेकाला चिकटतात, आणि टाका घातला तरी भरायला वेळ लागतो. म्हणून या ऑपरेशनात किडनीतून येणाऱ्या लघवीच्या नळीला इजा, नंतर भोक पडून खालून सतत लघवी गळणं, आतड्याला चिकटा, पायाला सूज, हे सगळं नेहमीच्या पिशवीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त होतं. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये जिथे रोज साध्या पिशव्या काढतात तिथलं हे काम नाही. आमच्या जुन्या चाळीतल्या एका काकूंची तर अंगावर जातंय म्हणून कॅन्सरची तपासणी न करताच एका ठिकाणी पिशवी काढली, रिपोर्टात नंतर कॅन्सर आला, आणि मग पुढची सगळी ट्रीटमेंट अवघड होऊन बसली, कारण ब्रेकीची नळी ठेवायला पिशवीच राहिली नव्हती. चाळिशीच्या पुढे अंगावर लाल-पांढरं जात असेल तर आधी आतून तपासणी, मग बाकीचं, हे आपल्या बहिणी-वहिन्यांना सांगून ठेवा.

ऑपरेशन किती मोठं यावर सगळं अवलंबून आहे. आजार मुखापुरता, छोटासा राहिला असेल तर साधी पिशवी काढून भागतं. जरा जास्त असेल तर बाजूच्या मांसासकट. आणि आजार लघवीच्या पिशवीला किंवा शीच्या जागेला लागला असेल पण बाकी कुठे नसेल तर एक्झेंटरेशन नावाचं फार मोठं ऑपरेशन करतात, १९४८ पासून होतंय ते, त्यात हे भाग पण काढतात आणि पोटावर लघवीसाठी किंवा शीसाठी, कधी दोन्हींसाठी, कायमची पिशवी लावावी लागते. हे ऑपरेशन अनेक तास चालतं, नंतर आयसीयू, त्रास निम्म्या जणींना तरी काही ना काही होतोच. एक लक्षण लक्षात ठेवा, एका पायाला सूज, ढुंगणापासून पायात जाणारी कळ, आणि त्याच बाजूची किडनी सुजलेली, ही तीन एकत्र असतील तर आजार ओटीपोटाच्या भिंतीला लागलेला असायची शक्यता जास्त, आणि मग डॉक्टर सहसा ऑपरेशनला नाही म्हणतात. तो नकार टाळाटाळ नसते. पोट उघडल्यावर आत पसरलेलं दिसलं तर काही न काढता परत शिवूनही घेतात, हे बाहेर बसलेल्या माणसांना आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर दोन तासात स्ट्रेचर बाहेर आलं की सगळे हबकतात.

आणि आता एक गोष्ट मी जरा जोरात सांगणार आहे. पेशंटला सांगा. आपल्याकडे नवरा, दीर, मुलगा, सगळे डॉक्टरांना बाहेर गाठून म्हणतात तिला काही सांगू नका, खचेल. आणि मग ती बाई शुद्धीवर येते आणि पोटाला हात लावते तर तिथे पिशवी. जाऊबाईंच्या शेजारच्या कॉटवर एक ताई होत्या, मराठवाड्यातल्या, त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं, त्या चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, पाणी सुद्धा सिस्टरने दिलं तरच प्यायच्या. शरीर तिचं आहे, सही तिची पाहिजे, आणि समजून केलेली पाहिजे. नको म्हणाली तर तेही ऐकायला पाहिजे. अशी पोटावरची पिशवी लावायची असेल तर आधीच स्टोमावाल्या, म्हणजे त्या पिशवीचं बघणाऱ्या, सिस्टरला भेटवा, त्या पोटावर पेनाने खूण करतात, उभं राहून, बसून, वाकून बघतात, साडीची निरी आणि परकराची नाडी कुठे येते ते बघून जागा ठरवतात. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया, पोटावर पिशवी असलेल्यांची संस्था, मुंबईतच आहे, आधी हे ऑपरेशन झालेल्या कोणाशी बोलता आलं तर फार आधार मिळतो.

तयारी तारीख मिळाल्यावर नाही, ऑपरेशनचा विषय निघाल्या दिवसापासून करा. मिसरी पहिली बंद. तंबाखू, गुल, सगळं. बायका डॉक्टरांना मिसरीबद्दल सांगत नाहीत कारण त्यांना ते व्यसन वाटतच नाही, दात घासायची पावडर वाटते, पण ती तंबाखूच आहे आणि जखम भरायला आडवी येते. हिमोग्लोबिन वाढवून घ्या, नुसत्या बीट-डाळिंबावर विसंबू नका, डॉक्टर देतील ती गोळी किंवा सलाईन किंवा रक्त. खाण्यात प्रोटीन पाहिजे, अंडी, दही, डाळ, खात असाल तर मासे, बोंबील-मांदेली काहीही चालेल, आजारी माणसाला मासे वर्ज्य वगैरे काही नाही. शुगर असेल तर कंट्रोलमध्ये. भूलवाल्या डॉक्टरांचा फिटनेस लागतो, त्याच्या तारखा ऑपरेशनच्या तारखेआधी लावून घ्या. रक्त द्यायला दोघं-तिघं नातेवाईक आधीच तयार ठेवा.

पैशांचं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा, मंजुरी ऑपरेशनच्या आधी यायला पाहिजे, नंतर काही होत नाही. दोन्ही कार्डांवर नाव सारखं आहे का ते आजच बघा, माहेरचं-सासरचं नाव यातच कितीतरी जणींचं अडकतं. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथून परळ जवळ. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला चढता येतं, कागद जवळ ठेवा, आणि लांबच्या गाडीला हॉस्पिटलच्या फॉर्मवर रेल्वेची सवलत मिळते.

ऑपरेशननंतर लघवीसाठी बाहेरून घातलेली नळी काही दिवस राहते, काही जणींना जास्तच, कारण लघवीच्या नसा दुखावलेल्या असतात. नळी काढल्यावर लघवी करून आत किती राहते ते मोजतात, जास्त राहत असेल तर परत नळी किंवा घरी स्वतः नळी घालायला शिकवतात, त्यात घाबरायचं नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात टोचायचं इंजेक्शन मोठ्या ऑपरेशननंतर चार आठवडे सुद्धा देतात, घरी गेल्यावर महाग आहे म्हणून मध्येच सोडू नका, डॉक्टरांना सांगा. आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीकडून येणाऱ्या लघवीच्या नळीत ठेवलेली बारीक नळी, घातला असेल तर तो काढायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. तो बाहेरून दिसत नाही आणि दुखत नाही म्हणून विसरला जातो, आणि आत राहिलेला स्टेंट किडनी खराब करतो.

घरी आल्यावर सहा आठवडे तरी जड उचलायचं नाही. मुंबईत याचा अर्थ पहाटे नळाला पाणी आलं की पिंप भरायला दुसऱ्या कोणीतरी उठायचं. बादली, गॅसचा सिलेंडर, नातवंड, काहीच नाही. पण दिवसभर पडूनही राहायचं नाही, गॅलरीत चालायचं. पायरीवर, जिन्यात दम लागला तर थांबायचं. संबंध कधी सुरू करायचे हे डॉक्टरांना विचारा, सहा-आठ आठवड्यांच्या आधी नाहीच, आणि शेकांमुळे आतली जागा आखडते ती मोकळी ठेवायला डायलेटर नावाची गुळगुळीत नळी मिळते, ती ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या दोघींना लागू शकते, सिस्टरला विचारलं की नीट समजावून सांगतात.

लगेच हॉस्पिटल गाठायचं ते कधी: खालून न थांबता पाण्यासारखं गळायला लागलं, पॅड सारखा भिजतोय आणि लघवीचा वास येतोय. हे ऑपरेशननंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी पण होतं, घरी गेल्यावर. तसंच खालून शी किंवा गॅस येणं, थंडी वाजून ताप, एकच पाय सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, पोट फुगून उलट्या आणि गॅस न सरणं, लघवी एकदम कमी होणं. गावी असाल तर तालुक्याच्या डॉक्टरला डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि शेक झालेत हे तोंडाने सांगा, नाहीतर ते नेहमीचं इन्फेक्शन समजून गोळ्या देतात.

मग तपासणीच्या फेऱ्या, पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. आजार परत यायचा असेल तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, म्हणून बरं वाटतंय म्हणून यातली एकही चुकवू नका. प्रत्येक वेळी फाईल, आधीच्या सगळ्या सीड्या, ऑपरेशनचा सविस्तर कागद आणि काढलेल्या भागाचा रिपोर्ट सोबत न्या, आणि त्या रिपोर्टात काठ स्वच्छ आहेत का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण पुढे काही लागणार की नुसतं लक्ष ठेवायचं हे बरंचसं त्या एका ओळीवरून ठरतं.